फेटाळलेला दावा : राजकीय नेते, फिर्यादी आणि न्यायालयाचा उंबरठा

राजकीय नेत्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचे मुख्य मार्ग चार : दिवाणी दावा, खासगी फौजदारी फिर्याद, जनहित याचिका आणि निवडणूक याचिका. मालाडमध्ये राहणाऱ्या माणसाला या मार्गांसाठी वेगवेगळ्या दिशांना जावे लागते. फौजदारी फिर्याद बोरिवलीच्या दंडाधिकाऱ्यांपुढे, दिवाणी दावा दिंडोशीच्या नगर दिवाणी न्यायालयात, आणि जनहित किंवा निवडणूक याचिका करायची तर चर्चगेटची लोकल पकडून फोर्टातल्या उच्च न्यायालयात. मार्ग वेगळे, त्यांची फी वेगळी, पुराव्याचे नियम वेगळे. मात्र शेवट झाला की वर्तमानपत्रात मथळा एकच येतो : ‘याचिका फेटाळली’.

या एका क्रियापदाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दावा ऐकण्याजोगाच नाही म्हणून उंबरठ्यावरून परत जातो. तक्रार ऐकली जाते, पण तिच्यात गुन्ह्याचे घटक सापडत नाहीत. पुरावा नोंदवला जातो आणि तो तोकडा पडतो. चौथ्या प्रकारात न्यायालय दावा निरर्थक, तापदायक किंवा प्रक्रियेचा गैरवापर ठरवते आणि बहुधा खर्चही लावते. ज्याला सामान्य बोलीत फालतू दावा म्हणतात तो एवढा चौथाच. नेत्याचे समर्थक पहिल्या तीन प्रकारांनाही ‘खोटारडेपणा उघडा पडला’ म्हणत पेढे वाटतात, आणि विरोधक चौथ्या प्रकारालाही ‘तांत्रिक कारण’ म्हणून झटकतात. दोघांनाही आदेशाची शेवटची दोन पाने वाचायची नसतात.

दिवाणी दाव्यापासून सुरुवात केली तर पहिली चाळणी १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ७, नियम ११ ही आहे. वादपत्रात दाव्याचे कारणच दिसत नसेल, किंवा कायद्याने दाव्याला बंदी असेल, तर वादपत्र नाकारावे असे तो सांगतो. इथली कसोटी वरवर पाहता वादीच्या सोयीची आहे : वादपत्रातले प्रत्येक वाक्य खरे धरायचे, प्रतिवादीची कैफियत बघायचीही नाही, आणि मग विचारायचे, एवढे सगळे खरे असले तरी वादीला दाद मागण्याचा हक्क निर्माण होतो का?

उदाहरण मालाडचेच घेता येईल. पावसाळ्यात मालाड सबवेत पाणी भरते आणि पूर्व-पश्चिम वाहतूक अडते, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. समजा, एखाद्या मतदाराने आमदारावर दावा लावला की, प्रचारात त्यांनी सबवेत पाणी तुंबणार नाही असे सांगितले, पाणी तुंबले, दुकानाचे नुकसान झाले, सबब भरपाई द्यावी. यातले प्रत्येक विधान खरे असले तरी दावा टिकत नाही, कारण प्रचारातले आश्वासन हा करार नव्हे. जाहीरनाम्यातील आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरणातही मोडत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तमिळनाडूतील मोफत टीव्ही-मिक्सर वाटपाच्या प्रकरणात म्हटले होते. तोच दुकानदार महापालिकेच्या कायदेशीर कर्तव्यावर बोट ठेवून आला तर मात्र त्याला निदान ऐकून घ्यावे लागते. तक्रार तीच, पाणी तेच; कोणाविरुद्ध आणि कोणत्या हक्काने, एवढ्यावर एक दावा उभा राहतो आणि दुसरा दारातच पडतो.

वकिली चातुर्याने नसलेले कारण असल्यासारखे भासवता येते, याची न्यायालयांना चांगली कल्पना आहे. १९७७ साली न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी बंगळुरूच्या एका भाडेकरूच्या प्रकरणात खालच्या न्यायालयांना बजावले की, वादपत्र अर्थ लावून वाचा, चतुर मांडणीला भुलू नका, आणि दावा निरर्थक दिसला तर पहिल्याच तारखेला पक्षकाराला उलटप्रश्न करून त्याची मुळे छाटा. तो वाद घर रिकामे करण्याचा होता, राजकारणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरीही नेत्यांच्या वतीने दाव्याला विरोध करणारे वकील आजही प्रथम हाच निकाल पुढे करतात.

फौजदारी फिर्यादीचा इतिहास महाराष्ट्रात ए. आर. अंतुले यांच्या नावाशी बांधलेला आहे. सिमेंट वाटप आणि ट्रस्टच्या देणग्या यांबाबतच्या प्रकरणाचा पाठपुरावा करणाऱ्यांत गोरेगावच्या मृणाल गोरे यांचे समाजवादी सहकारी प. बा. सामंत होते. त्यांच्या याचिकेवर न्या. बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला आणि अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्याच वर्षी भाजपचे रामदास नायक यांनी मुंबईच्या विशेष न्यायाधीशांपुढे फौजदारी फिर्याद दाखल केली. अंतुले यांच्या बाजूने मुद्दा आला तो असा : भ्रष्टाचाराचा खटला पोलिसांनी आणावा, एका विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याने नव्हे. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हा मुद्दा नाकारला. कायद्यात स्पष्ट अपवाद नसेल तर गुन्ह्याची फिर्याद कुणीही करू शकतो, गुन्हा हा समाजाविरुद्ध असतो, असे तत्त्व त्यातून पक्के झाले. पुढे प्रकरण अनेक वळणांनी गेले. खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा स्वतःचाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सात न्यायाधीशांच्या पीठामार्फत मागे घेतला. पण फिर्यादी राजकीय विरोधक आहे एवढ्यावरून फिर्याद फालतू ठरत नाही, हा धडा त्या निकालाने कायमचा दिला.

१९८७ साली बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या प्रकरणातही हेच आले : पुरावा पुरेसा असेल तर फिर्यादीच्या मनात सूड असला म्हणून खटला दूषित होत नाही. राजकारणात सूडाशिवाय फिर्याद सापडणे तसे दुर्मीळच, तेव्हा ही कसोटी नसती तर एकही खटला उभा राहिला नसता.

याची दुसरी बाजू १९९०च्या भजनलाल निकालात सापडते. हरयाणाच्या या माजी मुख्यमंत्र्यांविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. तो उच्च न्यायालयाने अशा टप्प्यावर रद्द करायला नको होता, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, आणि त्याच ओघात गुन्हा कोणत्या परिस्थितीत रद्द करता येईल याच्या सात खुणा सांगितल्या. आरोप जसेच्या तसे मान्य केले तरी गुन्हा होत नाही, आरोप इतके अविश्वसनीय आहेत की शहाणा माणूस त्यांवर पुढे जाणार नाही, किंवा कार्यवाही उघडपणे द्वेषाने आणि वैयक्तिक सूड उगवण्यासाठी सुरू केली आहे, या त्यांतल्या तीन. आज देशातल्या जवळपास प्रत्येक रद्दीकरण अर्जात भजनलाल यांचे नाव येते. ज्यांच्या नावाने ही सुटका मिळते, त्यांच्या स्वतःच्या प्रकरणात आरोपांच्या गुणवत्तेवर मात्र ती मिळाली नव्हती. तपास करणाऱ्या निरीक्षकाला रीतसर अधिकार नव्हता म्हणून केवळ तपास रद्द झाला होता.

मुंबईत गेल्या काही वर्षांत गाजलेली अशी फिर्याद पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्याविरुद्धची. डिसेंबर २०२१मध्ये नरिमन पॉइंटच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानातल्या कार्यक्रमात त्या राष्ट्रगीताच्या सुरुवातीला बसून होत्या आणि मग उभ्या राहून ते अर्धवट सोडून निघाल्या, असा आरोप भाजपच्या मुंबईतील एका पदाधिकाऱ्याने केला. फेब्रुवारी २०२२मध्ये माझगावच्या दंडाधिकाऱ्यांनी समन्स काढले. जानेवारी २०२३मध्ये सत्र न्यायालयाने ते रद्द केले, कारण आरोपी न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहणारी असेल तर समन्स काढण्याआधी चौकशी करणे बंधनकारक असते आणि ती झाली नव्हती. प्रकरण पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे आले. फिर्यादच रद्द व्हावी म्हणून बॅनर्जी उच्च न्यायालयात गेल्या, तर मार्च २०२३मध्ये न्या. अमित बोरकर यांनी ते मान्य केले नाही. मग चौकशी झाली आणि २०२३ संपण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी फिर्याद काढून टाकली. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाचा १९७१चा कायदा राष्ट्रगीत म्हणण्यास जाणूनबुजून रोखणे किंवा म्हणणाऱ्यांत व्यत्यय आणणे यालाच शिक्षा करतो. हा मुद्दा पहिल्या दिवशीही कागदावर होता. तरी त्याला जवळपास दोन वर्षे आणि तीन पायऱ्या लागल्या.

यावर काहीसा उपाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. कलम २२३नुसार खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. लोकसेवकाविरुद्ध त्याच्या कामासंबंधी फिर्याद असेल तर वरिष्ठांचा अहवालही मागवावा लागतो. जुन्या पद्धतीत फिर्यादीचा पडताळणी जबाब झाला की समन्स निघे आणि आरोपीला पहिली बातमी बेलिफाकडून, किंवा नेत्यांच्या बाबतीत टीव्हीवरून, कळे. नव्या तरतुदीने नेत्यांना संरक्षण मिळाले हे खरे. सामान्य फिर्यादीला मात्र आता दखल घेण्याआधीच समोरच्या नामवंत वकिलाला तोंड द्यावे लागेल, हेही तितकेच खरे.

राजकीय फिर्याद म्हणून हसण्यावारी नेलेले प्रत्येक प्रकरण हवेत विरत नाही. मिरा-भाईंदरमधील शौचालयांच्या कामात घोटाळा झाल्याच्या संजय राऊत यांच्या आरोपांवरून डॉ. मेधा सोमय्या यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तेव्हा ती त्यांचे पती मुलुंडचे सोमय्या आणि भांडुपचे राऊत यांच्या नेहमीच्या जुगलबंदीचा पुढचा अंक वाटली होती. २६ सप्टेंबर २०२४ रोजी माझगाव न्यायालयाने राऊत यांना दोषी ठरवून १५ दिवसांची साधी कैद आणि २५,००० रुपये दंड सुनावला. अपिलासाठी ही शिक्षा स्थगित झाली.

फालतूपणाचा ठपका सर्वांत जास्त वेळा बसतो तो जनहित याचिकेवर, आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच आहे. दिवाणी दाव्यात दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, फौजदारी फिर्यादीत शपथेवर जबाब द्यावा लागतो. जनहित याचिकेत स्वतःचे नुकसान दाखवण्याची अटच नसते. गरीब, कैदी, वेठबिगार यांच्यासाठी उघडलेला हा दरवाजा आहे आणि त्यातून पत्रकार परिषदही सहज आत शिरते. महाराष्ट्राने याचा वाईट अनुभव लवकर घेतला. नागपुरात अनधिकृत बांधकामांविरुद्ध याचिका करणाऱ्या एका वकिलावरच खंडणीचा आरोप झाला, नागपूर खंडपीठाने २५,००० रुपये खर्च लावला आणि डिसेंबर २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. २०१० साली उत्तराखंडच्या महाधिवक्त्यांच्या नेमणुकीविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांना जनहित याचिकांचे नियम करायला सांगितले, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे नियम आले. याचिकाकर्ता कोण, त्याचा स्वार्थ काय, हे त्याने आधीच सांगायचे असते.

या नियमांचा कस राजकीय उलथापालथीच्या काळात लागला. जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबतचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हा काही नागरिकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली : मंत्री कर्तव्य सोडून गेले आहेत, त्यांना परत येण्याचा आदेश द्यावा. ३० जूनला मुख्य न्यायाधीश दीपांकर दत्ता यांच्या पीठाने ही याचिका प्रथमदर्शनी राजकीय हेतूने प्रेरित असल्याचे सांगून, पुढे ऐकायचे असेल तर एक लाख रुपये जमा करा, असा आदेश दिला. त्याच संध्याकाळी शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. परत या म्हणण्याला आता अर्थच उरला नव्हता.

पुढच्या वर्षी नेम दुसऱ्या बाजूवर होता. उद्धव ठाकरे आणि त्यांच्या कुटुंबीयांकडे उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता असल्याचा दावा करून सीबीआय आणि ईडीची चौकशी मागणारी याचिका आली. ‘सामना’ छापणाऱ्या प्रकाशनाने टाळेबंदीतही नफा कसा कमावला, अशी शंका तिच्यात होती. १४ मार्च २०२३ रोजी न्या. धीरज ठाकूर आणि न्या. वाल्मीकी मेनेझिस यांनी ती फेटाळली. ठोस काही नाही, केवळ संशय आहे, आणि हा प्रक्रियेचा गैरवापर आहे, असे म्हणून त्यांनी २५,००० रुपये खर्च लावला. संशय हा चौकशीचा आरंभ असू शकतो, पण त्यासाठी आधी पोलिसांकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे जायचे असते; ती पायरी गाळून थेट उच्च न्यायालय गाठणे हेच अशा बहुतेक याचिकांचे दुखणे असते.

त्याच सुमारास तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्या छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या वक्तव्यावरून कारवाई मागणारी याचिकाही फेटाळली गेली. महाराष्ट्रभर संताप होता, मोर्चे निघाले होते. न्यायालयाने विधानांकडे इतिहासाविषयीचे वक्त्याचे मत म्हणून पाहिले आणि त्यात फौजदारी गुन्हा दिसत नाही असे सांगितले. फेब्रुवारी २०२३मध्ये बॉम्बे लॉयर्स असोसिएशनने उपराष्ट्रपती जगदीप धनखड आणि कायदामंत्री किरेन रिजिजू यांच्या न्यायव्यवस्थेवरील टीकेबद्दल केलेली याचिकाही याच न्यायालयाने फेटाळली, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. या दोन्ही याचिका ‘फालतू’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. वक्तव्ये झालीच होती आणि ती साधी नव्हती. न्यायालयाने एवढेच म्हटले की यावरचा उपाय आमच्याकडे नाही.

सर्वांत वादग्रस्त सीमारेषा न्या. ब्रिजगोपाल लोया यांच्या मृत्यूच्या प्रकरणात दिसली. १ डिसेंबर २०१४ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यापुढे अमित शहा आरोपी असलेला खटला होता. स्वतंत्र चौकशीच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी फेटाळल्या आणि राजकीय हिशेब चुकते करण्यासाठी जनहित याचिकेचा वापर होत असल्याबद्दल कडक शब्द वापरले. न्यायालयाने ज्यांना गैरवापर म्हटले त्यांच्या बाजूने देशातले ज्येष्ठ वकील उभे होते. फालतूपणाची व्याख्या पाहणाऱ्यावर किती अवलंबून असते, हे त्या निकालावरच्या मतभेदांतून अजूनही दिसते.

निवडणूक याचिका हा चौथा मार्ग सर्वांत अरुंद. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ प्रमाणे ती निकालानंतर ४५ दिवसांत, उच्च न्यायालयातच करावी लागते आणि २,००० रुपये तारण ठेवावे लागते. महत्त्वाची वस्तुस्थिती थोडक्यात पण पूर्ण मांडावी लागते. नंतर सुचलेले मुद्दे घालता येत नाहीत. १९८४ साली अमेठीतून राजीव गांधी निवडून आले त्याविरुद्धची याचिका अशी पहिल्याच टप्प्यावर गेली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवडून आलेल्या माणसाच्या डोक्यावर निष्कारण टांगती तलवार ठेवण्याची गरज नाही, अपुरी याचिका सुनावणीशिवायही काढून टाकता येते. पंतप्रधानांसाठी झालेला हा नियम आता नगरसेवकापर्यंत सगळ्यांना उपयोगी पडतो.

मालाडकरांना याचा अनुभव २०२४मध्ये आला. मालाड पूर्वेचा कुरार-दिंडोशीचा भाग मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात मोडतो. ४ जूनला गोरेगावच्या नेस्को केंद्रात मतमोजणी झाली. यंत्रांतली मते मोजून संपली तेव्हा ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ वर आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर ४,५१,०९४ वर होते. नऊ लाखांवर मते मोजून फरक एकाचा. मग टपाली मते आली : कीर्तिकर १,५०१, वायकर १,५५०. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. एखाद्या मध्यम इमारतीत जेवढे मतदार असतात त्याहून हा आकडा लहान. बाद टपाली मतांवरून वाद पेटला, मोबाइल आत नेल्यावरून गुन्हा नोंदला गेला, आणि कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले.

त्यांच्या याचिकेत कळीचा मुद्दा टेंडर मतांचा होता. एखादा मतदार केंद्रावर गेला आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेले असे निघाले, तर त्याला यंत्रावर नव्हे तर कागदी मतपत्रिकेवर मत देऊ दिले जाते. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते आणि न्यायालयाने सांगितल्याखेरीज मोजली जात नाही. ४८ मतांच्या फरकात अशी पाकिटे फार वजनदार होतात. तरीही १९ डिसेंबर २०२४ रोजी न्या. संदीप मारणे यांनी वायकर यांचा आदेश ७, नियम ११ खालचा अर्ज मान्य करून याचिका फेटाळली. नियमभंग झाला एवढे म्हणून पुरत नाही. त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे दाखवणारी वस्तुस्थिती याचिकेतच असावी लागते, आणि ती तिथे नाही, असे त्यांचे म्हणणे. या निकालाचे वर्णन ‘फालतू याचिका फेकली’ असे करणारे चुकतात. ४८ मतांनी हरलेल्या उमेदवाराने न्यायालयात जाणे यापेक्षा साहजिक गोष्ट नाही. याचिका पडली ती कागदाच्या कमतरतेने.

‘गैरवापर’ हा शब्द न्यायालयाने त्याच वर्षाच्या दुसऱ्या निवडणुकीसाठी राखून ठेवला. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा मतदानात संध्याकाळी सहानंतर ७५ लाखांहून अधिक मते पडल्याचा मुद्दा घेऊन विक्रोळीच्या एका मतदाराने सगळ्या २८८ जागांचे निकाल रद्द करण्याची मागणी केली. त्याची बाजू प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. २५ जून २०२५ रोजी न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. आरिफ डॉक्टर यांनी, या याचिकेने न्यायालयाचा पूर्ण दिवस घेतला, हा कायद्याचा ढळढळीत गैरवापर आहे, असे सुनावले आणि खर्च लावण्याचा मोह आवरला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला. एका मतदारसंघातला मतदार २८८ आमदारांना एकाच याचिकेत गाठू शकत नाही, ही गोष्ट मुद्द्याच्या खरेखोटेपणाच्या आधीच येते.

उपनगरांत निवडणूक याचिका यशस्वीही झाली आहे, तीही देशभर गाजून. डिसेंबर १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे यांनी बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारसभांतील भाषणांवरून याचिका केली. त्या काळी ती अनेकांना हरलेल्या माणसाची कुरकुर वाटली. १९८९ साली उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली, ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. कुंटे यांच्या याचिकेत भाषणांच्या तारखा, जागा आणि शब्द होते.

या सगळ्यात एक तिसरा पक्ष आहे, सवयीने दावे लावणारा माणूस. १८९०च्या दशकात लंडनमध्ये अलेक्झांडर चॅफर्स नावाच्या एका सॉलिसिटरने प्रिन्स ऑफ वेल्स, कँटरबरीचे आर्चबिशप, संसदेचे सभापती अशा मोठ्या लोकांवर ४८ दावे लावले. त्यातून १८९६चा कायदा आला : असे दावे सतत लावणाऱ्याने नवा दावा लावण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्यावी. मद्रास प्रांताने १९४९ साली आणि महाराष्ट्राने १९७१ साली याच धर्तीवर कायदे केले. महाराष्ट्रात महाधिवक्त्यांनी उच्च न्यायालयाकडे अर्ज करायचा असतो, आणि ती यंत्रणा फारशी हलत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्याला ऐकवायची तो मुळातच पायरीवर मुक्काम ठोकून असतो.

दावा फेटाळला जाईपर्यंतचा काळ हीच खरी शिक्षा होते, हे लोकमान्य टिळकांनी ताईमहाराज प्रकरणात भोगले. ताईमहाराजांचे दिवंगत पती बाबामहाराज यांचे ट्रस्टी म्हणून दत्तकविधानाच्या वादात ते १९०१ साली ओढले गेले. न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी त्यांच्यावर खटला भरण्यास पाठवले, १९०३ साली खोट्या साक्षीबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०४ साली उच्च न्यायालयाने ती उलटवली आणि दिवाणी बाजूचा निकाल प्रिव्ही कौन्सिलकडून १९१५ साली टिळकांच्या बाजूने लागला. मधल्या काळात त्यांनी राजद्रोहाखाली मंडालेची सहा वर्षेही काढली होती.

उरतो खर्चाचा प्रश्न. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी हिलरी क्लिंटन आणि इतरांवर लावलेला दावा निरर्थक ठरवून तिथल्या न्यायाधीशांनी जानेवारी २०२३मध्ये ट्रम्प आणि त्यांच्या वकिलांवर मिळून ९ लाख ३७ हजार डॉलरहून अधिक रकमेचा भार टाकला. आपल्याकडे रकमा जुजबी असतात. राहुल गांधी यांची खासदारकी पूर्ववत झाल्याविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये एक लाख, अरविंद केजरीवाल यांना मुख्यमंत्रिपदावरून हटवण्याच्या तिसऱ्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये ५० हजार रुपये लावले. सहारा प्रकरणात २०१४ साली न्या. जे. एस. खेहर यांनी सक्तीच्या खर्चाचा वेगळा कायदाच करावा असे सुचवले होते. तो झालेला नाही. उच्च न्यायालये स्वतःच्या अधिकारात खर्च लावतात. खोट्या किंवा तापदायक दाव्याबद्दल दिवाणी न्यायालयाने भरपाई देववावी असे सांगणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५-अ १९२२ साली आले, त्यातली कमाल रक्कम १९७६ साली वाढवून ३,००० रुपये केली गेली, आणि दिंडोशीच्या न्यायालयात आजही ती तेवढीच आहे.